राजाश्रय आणि कसब

पेडणे आणि डिचोली या दोन महालांविषयी अलीकडे जे काही बोलले व लिहिले जाते, त्यात उद्योग, कौशल्य आणि गुंतवणूक हे तीन शब्द आरतीतील ध्रुवपदासारखे पुन्हा पुन्हा येतात. तुयेच्या पठारावर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी वसाहत आखली गेली; मोपच्या पठारावर विमानतळ उभा राहिला; ज्या दिवशी त्याचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, म्हणजे ११ डिसेंबर २०२२ रोजी, धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही झाले; आणि त्याच महिन्यात डिचोलीच्या खनिज खंडाचा लिलाव पुकारला गेला. हे सारे ऐकून कोणासही वाटावे की, सरकारने कसबाला हात देण्याची कल्पना आमच्या भागात आजच प्रथम उगवली. परंतु राजाश्रय येथे जुना आहे. तो कोणाला मिळाला, कोणत्या अटीवर मिळाला, आणि अट मोडली तर काय होई, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. दानपत्र हाती आले की वकिलाची दृष्टी आधी अटीकडे जाते, हा आमच्या धंद्याचा गुण म्हणा की खोड म्हणा.

या मासिकाच्या वाचकांस त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या देवळांतून वाजंत्री, माळी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या सेवा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असत, आणि त्या सेवेच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा कसावयास मिळे. गावकऱ्यांनी गावकामगारांना दिलेल्या अशा जमिनींस गोव्यात नमशी म्हणत. येथे राजा म्हणजे गाव आणि देव. जमीन माणसाला मिळे खरी, पण ती त्याच्या हातातील कसबासाठी मिळे. सेवा चालू तोवर जमीन. सेवा थांबली की जमीन परत गावाची. हा करार बहुधा कागदावर नसे, परंतु मोडणारा आणि पाळणारा दोघेही एकाच मंडपात बसत असल्यामुळे त्यास कागदाची उणीव भासत नसे.

डिचोली महालात या व्यवस्थेच्या खुणा आजही बोलतात. कालिकादेवीमुळे विख्यात झालेल्या कासारपालाचे नावच मुळी कासारांची आठवण सांगते. डिचोलीच्या कासारांनी घडविलेल्या समया आणि डिचोलीच्या कुंभारांची मडकी गोव्याच्या घराघरांत गेली. घुमट वाजवावयाचे तर आधी मातीचे भांडे नेमक्या जाडीचे उतरावे लागते, आणि ती जाडी कोणत्याही पोथीत लिहिलेली नाही. ती बापाच्या बोटांतून मुलाच्या बोटांत उतरते. सेवेच्या जमिनीने हे शिक्षण पोसले. विद्यार्थी घरचा, गुरू घरचा, आणि शिदोरी गावाची.

यातील दोषही सांगितला पाहिजे, कारण तो लहान नव्हे. कसब जन्माला बांधलेले होते. कुंभाराच्या हुशार मुलास गणित शिकण्याची वाट नव्हती, आणि दुसऱ्या घरातील मुलास चाकावर बसण्याची. काही सेवांच्या वाट्यास जमीन आली तशी अवहेलनाही आली, विशेषतः देवळांच्या सेवेत जन्मलेल्या स्त्रियांच्या. जुन्याचे गोडवे गाताना आमच्यापैकी पुष्कळजण हे पान उलटून पुढे जातात. ते आम्ही उलटत नाही. मात्र अटीचे तत्त्व आणि जातीचे कुंपण या दोन वस्तू वेगळ्या होत्या, एवढेच येथे नमूद करतो.

पोर्तुगीज सत्ता या दोन महालांत उशिरा आली. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख १७८१ ते १७८८ या अवधीत सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या ताब्यात गेले. तोवर जुन्या काबिजादीतील धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीत देवळे राहिली, रूढी राहिल्या, आणि त्या रूढींना पुढे १८५३ व १८८० च्या संहितांनी कायद्याचे रूपही मिळाले. देवस्थानांच्या महाजनकीसाठी १८८६ मध्ये नियमावली आली आणि १९३३ मध्ये ती नव्याने बांधली गेली. तिच्याशी आपल्यापैकी अनेकांचा आजही संबंध येतो. म्हणजे जुने ते मोडू नये इतकी काळजी राज्यकर्त्यांनी घेतली. नवे काही शिकवावे, ही काळजी मात्र घेतली नाही.

नवे काही गोव्यात येतच नव्हते असे कोणी समजू नये. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात, सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, पण रोमन अक्षरांत. देवनागरी खिळे पाडून ते छापता आले नाही. पुढे अठराव्या शतकात मुद्रणच बंद पडले, आणि सरकारी छापखाना सुरू होण्यास १८२१ साल उजाडावे लागले. यंत्र दोन शतके अंगणात असून त्यावर एकही धंदा उभा राहिला नाही, कारण ते यंत्र आश्रयदात्याच्याच कामापुरते होते. गावच्या लेखकास, शेणवी कुळकर्ण्यास, पंचांगकर्त्यास त्याचा स्पर्श झाला नाही. असो.

आता पेडण्याकडे वळू. या महालाने एकोणिसाव्या शतकात एक असा पुरुष दिला की, ज्याच्या चरित्रात राजाश्रय म्हणजे काय याचा अर्थ सबंध उलगडतो. डॉक्टर भाऊ दाजी, म्हणजे रामचंद्र विठ्ठल लाड. त्यांचे घराणे पेडणे महालातील मांद्रे-पार्से परिसरातले. घरची गरिबी इतकी की, मातीच्या बाहुल्या करून विकणे हे त्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन होते, असे चरित्रकार सांगतात. कुटुंब मुंबईस गेले. बुद्धिबळाच्या पटावर या मुलाची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याच्या वडिलांस इंग्रजी शिक्षणाचा आग्रह केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एल्फिन्स्टनमध्ये मुलगा शिकला व तेथेच शिक्षक झाला, हे खरे. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, आणि शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ च्या पहिल्या पदवीधर तुकडीत त्यांचे नाव आहे.

कॉलेजाला लागून असलेल्या रुग्णालयामागे कंपनी सरकारचा पैसा होता आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचे दानही होते. सरकारने पगारी अध्यापक नेमले, धनिकाने खाटा दिल्या, आणि प्रवेशाच्या दारात कोणी जात विचारून परत धाडले नाही. त्या एका दारातून पेडण्याच्या बाहुल्या विकणाऱ्या घरचा मुलगा आत गेला व बाहेर आला तो शल्यवैद्य, शिलालेखांचा वाचक आणि कुष्ठरोगावर कडुकवठाच्या बियांचे प्रयोग करणारा संशोधक होऊन. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये तो मुंबईचा शेरीफ झाला. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी त्याने नाना शंकरशेटांच्या बरोबरीने खटपट केली, ते १८७२ मध्ये उघडले व शंभर वर्षांनंतर, १९७५ मध्ये, त्याला भाऊ दाजींचेच नाव देण्यात आले. त्या संग्रहालयात हिंदुस्थानातील कारागिरांच्या व नानाविध लोकांच्या मातीच्या लहान मूर्ती मांडलेल्या आहेत. पेडण्याहून मुंबईस जाणाऱ्या कोणाही वाचकाने त्या एकदा पाहाव्यात.

गोव्यात याच सुमारास काय होते? पणजीला १८४२ मध्ये वैद्यकशाळा निघाली होती, आणि ती आशियातील जुन्या वैद्यकशाळांत गणली जाते. तिचा अभिमान योग्यच आहे. त्याआधी लष्करी व गणिती शिक्षणाची शाळाही निघाली होती. परंतु नव्या काबिजादीतील हिंदूला पूर्ण नागरी समानता १९१० च्या प्रजासत्ताकानेच दिली. पेडणे व डिचोलीतील घरांनी तोवर आपली वाट शोधून ठेवली होती : घाट चढावा, मुंबई गाठावी, मराठी शाळेत शिकावे. ही वाट विसाव्या शतकातही वाहती राहिली. डिचोलीशेजारच्या माशेलात १९४३ मध्ये जन्मलेले रघुनाथ माशेलकर मुंबईत शिकले, दोराबजी टाटा न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकले, आणि पुढे देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. देवकीकृष्णाच्या गावाने माणूस दिला. आश्रय दुसऱ्या गावाने दिला.

डिचोलीला मिळालेला आश्रय निराळ्या जातीचा होता. तो मातीवरच्या माणसाला नव्हता, मातीखालच्या खनिजाला होता. १९०६ च्या पोर्तुगीज खाणकायद्याखाली खनिजाच्या सनदा देण्याची रीत पडली, आणि त्या सनदा मुदतीच्या नव्हत्या, कायमच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोहखनिज हवे झाले, तेव्हा या कागदांना सोन्याचा भाव आला. शिरगाव, मये, साखळी, पाळी या पट्ट्यात डोंगर उतरू लागले. लईराईच्या होमकुंडाचे गाव खाणींच्या खड्ड्यांनी वेढले गेले. मुक्तीनंतर आपल्या संसदेने १९८७ मध्ये कायदा करून या सनदा रद्द ठरविल्या व त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर केले. ही मुदत पुढे वाढविली गेली आणि २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले. मधल्या वर्षांत जे काढले गेले ते कायद्याच्या दृष्टीने पट्ट्याविना काढले गेले. त्यानंतर सरकारने केलेले ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने गेले.

आम्हांस या निकालांतील कायद्याहून त्यांनी उघडी पाडलेली दुसरी गोष्ट अधिक बोचते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली महालाच्या हाती काय उरले? कर्जाऊ घेतलेले ट्रक अंगणात, बार्ज खाडीत, आणि ते कर्ज हलके करण्यासाठी सरकारने २०१४ मध्ये आणलेली योजना. साठ वर्षे लोखंडाचा दगड बोटीत भरला गेला. त्या दगडाचे लोखंड करणारी, लोखंडाचे यंत्र करणारी, यंत्र दुरुस्त करणाऱ्यास पदविका देणारी परंपरा त्या प्रमाणात येथे रुजली नाही. पुष्कळांच्या चुली पेटल्या, मुलांची शिक्षणे झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कासारपालच्या कासाराची जमीन त्याच्या कसबाला बांधलेली होती, आणि खाणीची सनद कोणाच्याच कसबाला बांधलेली नव्हती. सनद गेली तेव्हा मागे हात राहिले, पण त्या हातांना काही शिकवून ठेवलेले नव्हते. न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्क्यांचा कायमस्वरूपी निधी पुढील पिढ्यांसाठी राखावयास लावला. सनद देणाऱ्यांनी जी अट घालावयास हवी होती, ती शंभर वर्षांनी न्यायासनावरून आली.

मुक्तीनंतरच्या शासनांनी शिक्षणाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः पेडण्यात जन्मलेले आणि खाणमालक. गावोगाव शाळा निघाल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चे. विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, आणि ताळगावच्या पठारावरील विद्यापीठ १९८५ पासूनचे. मये येथे शासकीय तंत्रनिकेतन झाले. डिचोलीत व पेडण्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था झाल्या. दुसऱ्या बाजूने १९६५ च्या अधिनियमाने औद्योगिक विकास महामंडळ जन्मले व पठारांवर वसाहती आखल्या गेल्या. डिचोलीत आणि तुये येथे त्या आहेत. १९९३ मध्ये केंद्र सरकारने आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात गोव्याचे नाव घातले, आणि नव्या कारखान्यांस पहिली पाच वर्षे नफ्यावरील कर पूर्ण माफ झाला. ही सवलत २००४ पर्यंत उघडणाऱ्या कारखान्यांस मिळाली.

त्या सवलतीचा लाभ घेण्यास नाना प्रकारचे उद्योग आले, आणि सवलत सरताच काहींनी गाशा गुंडाळला. औषधांचे कारखाने मात्र पुष्कळसे टिकले. आमचा तर्क असा की, पणजीच्या वैद्यकशाळेपासून चालत आलेले औषधशास्त्राचे शिक्षण येथे होते, त्यामुळे कारखान्याला माणूस आणि माणसाला कारखाना मिळाला. करमाफीने पाहुणा आणला. त्यास घरचा माणूस केला तो पदविकाधारकांनी. याउलट, ज्या धंद्यांना गोव्यात शिकलेला हात लागतच नव्हता, त्यांना गोव्यात राहण्याचे कारणही उरले नाही.

अटीवाचून दिलेल्या आश्रयाचा परिणाम याच काळात आणखी एकदा दिसला. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नावाने २००६ मध्ये वेर्णा, सांकवाळ, केरी येथील विस्तीर्ण जमिनी वाटल्या गेल्या. लोक रस्त्यावर आले, २००७ च्या अखेरीस सरकारने धोरण मागे घेतले, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने वाटपच रद्द ठरविले, आणि २०१८ मध्ये महामंडळाने व्याजासह पैसे परत करून जमिनी ताब्यात घेतल्या. बारा वर्षे भूखंड कोर्टात होते आणि त्या बारा वर्षांत त्यांवर एकाही मुलाने काही शिकले नाही.

या पार्श्वभूमीवर तुयेकडे पाहावे. केंद्राच्या २०१२ च्या योजनेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या नव्या वसाहतीस खर्चाच्या निम्म्यापर्यंत, दर शंभर एकरांमागे पन्नास कोटींच्या मर्यादेत, अनुदान ठेवलेले होते. तिच्याखाली तुये येथे सुमारे सहा लाख चौरस मीटरांची वसाहत मंजूर झाली. रस्ते, वीज, पाणी, कुंपण यांची तरतूद झाली. तरीही मंजुरीनंतर कित्येक वर्षे ते पठार कारखान्यांची वाट पाहत राहिले. योजनेचा पैसा प्रायः मातीवर व सिमेंटावर खर्चावयाचा होता; ज्याला सर्किटाचा तक्ता वाचता येतो असा पेडण्याचा मुलगा तयार करण्यावर नव्हे. तैवानात सिंचू येथील विज्ञानवसाहत १९८० मध्ये निघाली ती दोन विद्यापीठांच्या सान्निध्यात, आणि तिच्या सात वर्षे आधी सरकारने संशोधनसंस्था स्थापून माणसे शिकवावयास घेतली होती. तेथे पेरणी आधी आणि कुंपण नंतर झाले.

एवढ्या लांबचे उदाहरण नको असेल तर औंधचे घ्यावे. बेळगावात जागेची अडचण आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये कुंडल रोडजवळची माळरानाची जमीन दिली व कर्जाचा आधार दिला. लहानसे संस्थान, जमीन ओसाड. पण ज्याला दिली तो आधी शिकविणारा होता, नांगर स्वतः घडविणारा होता, आणि त्याच्या वाडीत शेतकऱ्यांची मुले लोहकाम शिकली. राजाने माणूस पारखून जमीन दिली. आमच्या कचेऱ्यांत प्रकल्पाचा अहवाल पारखला जातो.

जमिनीचा हा प्रश्न पेडण्यात आणि शेजारच्या सत्तरीत केवळ तत्त्वाचा नाही. मुंडकार आणि कूळ यांचे हक्क १९६४ व १९७५ च्या कायद्यांनी मान्य केले, तरी अनेक घरांचे दावे मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे पडून आहेत. शेळ-मेळावलीला आयआयटीसाठी जागा निवडली तेव्हा सरकारी दप्तरात ती सरकारची होती, आणि गावकऱ्यांच्या आठवणीत आजोबांच्या काजूची होती. जानेवारी २०२१ मध्ये तेथे लाठ्या चालल्या आणि प्रकल्प हलवावा लागला. विद्येच्या मंदिराला लोक विरोध करतात म्हणून त्यांना अडाणी म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. ज्याच्या जमिनीची नोंद होत नाही त्याला, त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या संस्थेत आपल्या मुलाची नोंद होईल, हे कोणत्या आधारावर पटावे?

म्हणून आम्हांस जुनी अट पुन्हा आठवते, जातीच्या कुंपणावाचून. स्थानिकांस इतके टक्के नोकऱ्या, असा कायदा करण्याचा मोह सर्वत्र आहे; हरियाणाने ७५ टक्क्यांचा केला आणि तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. जन्मस्थानावर नोकरी बांधणे न्यायालयात टिकणे कठीण आहे. परंतु सरकारी जमीन भाडेपट्ट्याने देताना शिक्षणाची अट घालणे निराळे. भूखंड घेणाऱ्याने मये तंत्रनिकेतनातील आणि पेडणे-डिचोलीच्या प्रशिक्षण संस्थांतील ठराविक मुलांस दरवर्षी आपल्या यंत्रावर शिकवावे, त्यांस विद्यावेतन द्यावे, आपला एक जाणता माणूस आठवड्यातून एक दिवस त्या संस्थेत पाठवावा. सलग दोन वर्षे हे न घडल्यास सवलतीचा दर रद्द, आणि तीन वर्षे कारखानाच न उभारल्यास भूखंड परत. मोप विमानतळाबरोबर स्थानिक तरुणांस विमानसेवेचे काम शिकविणारे केंद्र निघाले, तेव्हा अशा गोष्टी अशक्य नाहीत हे सिद्धच आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. पट्टा देणाऱ्याने पट्ट्यात दोन कलमे अधिक लिहावयाची आहेत.

देवस्थानांचे महाजनही यात काही करू शकतात. पुष्कळ देवळांच्या अग्रशाळा जत्रेचे दिवस सोडले तर वर्षभर बंद असतात. प्रशिक्षण संस्थेत दूरच्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलांना शेवटची बस चुकली की शिक्षण सुटते, आणि मुलींचे तर त्याहून आधी सुटते. अशा दहा-वीस मुलांची राहण्याची व जेवणाची सोय एखाद्या अग्रशाळेत व्हावी, आणि त्यात कोणत्या कुळाचा म्हणून विचारणा होऊ नये, असा ठराव कोणत्याही महाजन सभेस मांडता येईल. ठरावाचा मसुदा आम्ही आनंदाने करून देऊ.